इम्प्लांट लांब असूनही काठाचं हाड का झिजतं? या चुका टाळा

तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाचा मांडव उभारताना कडेचे अँगल सरळ रोवून भागत नाही. ते बाहेर कलते ठेवून मागून ताण द्यावा लागतो. तारांची ओढ आडवी असते आणि सरळ अँगल कितीही खोल गाडला तरी माती आधी सैल होते ती तोंडाशी. गेलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांटही असाच वागतो. तरी “डॉक्टर, लांबात लांब स्क्रू टाका, पुन्हा खर्च नको” ही मागणी साताऱ्यापासून जतपर्यंत ठरलेली, आणि नव्याने इम्प्लांट करू लागलेले डॉक्टरही तिला मान डोलावतात.

खरा दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, म्हणून उभा दाब आला की दात २५ ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दबतो. हाडाशी एकजीव झालेला इम्प्लांट जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलतो. त्यात टायटॅनियमचा ताठपणा ११० गिगापास्कलच्या आसपास, जबड्याच्या बाहेरच्या कडक हाडाचा साधारण १४ आणि आतल्या जाळीदार हाडाचा दीडच्या आत. इतकी ताठ वस्तू मऊ जागेत रोवली की भार पहिल्या कडक टेकूवर उतरतो, आणि तो टेकू म्हणजे हिरडीखालचा हाडाचा काठ. ताण साठतो वरच्या दोन-तीन आट्यांपाशी. खाली टोकाला त्यातला फार थोडा पोचतो.

लांबी वाढवली, रुंदी राहिली

१० मिलिमीटरऐवजी १३ चा इम्प्लांट घेतल्याने काठावरचा ताण फारसा उतरत नाही. व्यास ३.५ वरून ४.५ केला तर उतरतो. भरीव दांडा धरला तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे या एका मिलिमीटरने तो जवळपास पावणेतीन पट होतो. काठाच्या हाडाला टेकणारा घेरही वाढतो, तो वेगळाच. लांबी निरुपयोगी मुळीच नाही. मऊ हाडात पहिल्या दिवसाची पकड तीच देते. पण त्या पकडीच्या मोहात खालच्या जबड्यातल्या नसेपासूनचं २ मिलिमीटर अंतर खाऊ नये.

जाडीचा हव्यासही तितकाच महाग पडतो. गालाकडच्या बाजूला किमान १.५, शक्यतो २ मिलिमीटर हाड उरलं पाहिजे. शेजारच्या दातापासून १.५ आणि दोन इम्प्लांटमध्ये ३ मिलिमीटर. ६ मिलिमीटर रुंद काठात ४.५ चा इम्प्लांट बसवला की दोन्हीकडे पाऊण-पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा उरतो. त्याला रक्तपुरवठा पुरत नाही आणि तो विरघळतो. ३.५ च्या इम्प्लांटलाही ६.५ ची रुंदी लागते. तेवढी नसेल तर आधी हाड वाढवण्याचं बोला. सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) ही रुंदी काठापाशीच मोजा. खाली जबडा फुगलेला दिसतो, त्या आकड्यावर साइज ठरवून बरेच जण फसतात.

कॅप लॅबवर सोडून दिली

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून आकडेमोड मांडून पाहू. १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोचा भार, कॅपच्या (इम्प्लांटवर बसणाऱ्या दाताच्या) उतारावर पडून ३० अंशांनी तिरका झाला की त्याचा आडवा भाग ५० न्यूटन. भार पडतो ती जागा हाडाच्या काठापासून १० मिलिमीटर उंच असेल, तर काठावर ५० न्यूटन-सेंटिमीटरची मुरड (वाकवणारा जोर) येते. हाड खचलेलं असल्याने तीच उंची १५ झाली, तर ७५. इम्प्लांट कंपनी कुठलीही असो, हा हिशेब बदलत नाही. शिवाय दाढेवर चावताना १०० न्यूटन म्हणजे काहीच नाही. काहीशे सहज पडतात.

म्हणून लॅबच्या चिठ्ठीवर ‘दाढ, शेड ए-२’ एवढंच लिहून पाठवू नका. उंचवटे बसके ठेवा, चावण्याच्या पृष्ठभागाची रुंदी खऱ्या दाढेपेक्षा पाव ते एक तृतीयांश कमी ठेवा आणि मुख्य टेकण बरोबर इम्प्लांटच्या अक्षावर येऊ द्या, असं स्पष्ट लिहा. कॅप बसवताना शिमची, म्हणजे ८ मायक्रॉन जाडीची धातूची पट्टी वापरा. हलकं मिटल्यावर पट्टी इम्प्लांटच्या कॅपवरून सरकून बाहेर यावी, घट्ट चावल्यावर धरली जावी. शेजारच्या खऱ्या दातांवर मात्र ती हलक्या चाव्यालाही धरली गेली पाहिजे. कारण वर आलंच: खरे दात दबतात, इम्प्लांट दबत नाही.

लटकती दाढ हा याच चुकीचा मोठा भाऊ. शेवटच्या इम्प्लांटच्या मागे ८ मिलिमीटर बाहेर एक जादा दाढ लोंबकळत ठेवली की १०० न्यूटनच्या सरळ भारालाही ८० न्यूटन-सेंटिमीटरची मुरड बसते. एका इम्प्लांटचा खर्च वाचवायला ही शक्कल निघते, आणि नंतर दोन इम्प्लांटचं हाड जातं. खऱ्या दाताला आणि इम्प्लांटला एकाच पुलात (ब्रिजमध्ये) जखडणंही टाळा. दात दबतो आणि पुलाचा सगळा भार इम्प्लांटवर लोंबतो.

पेशंटला पथ्य सांगताना ‘कडक खाऊ नका’ एवढं मोघम बोलून उपयोग नाही. भडंगातल्या शेंगदाण्याने काही होत नाही. दाताने ऊस सोलणं आणि मटणाचं हाडूक कडेने फोडणं बंद करायला सांगा, कारण त्यात ओढ आडवी असते. झोपेत दात खाण्याची सवय असेल (खऱ्या दातांची टोकं सपाट घासलेली दिसतात) तर रात्री घालायची कडक पट्टी कॅपबरोबरच द्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की ती कधीच होत नाही.

आटे एक, हाड दुसरं

हाड दाब चांगला सोसतं, ताणायला कच्चं आणि कातरणाऱ्या जोराला सगळ्यात कच्चं. आट्यांचा आकार इथे महत्त्वाचा ठरतो. व्ही आकाराचे आटे उभ्या भाराचा बराच भाग कातरजोरात बदलतात, तर चौकोनी आटे त्याला दाबाकडे वळवतात. खोल आणि जवळजवळचे आटे मऊ हाडात पृष्ठभाग वाढवतात, म्हणून वरच्या जबड्याच्या मागच्या बाजूला ते कामाचे. हाच निमुळता, धारदार आट्यांचा इम्प्लांट खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, जिथे हाड मुरमासारखं घट्ट, तसाच रेटला तर काठ चेंगरतो. कॅप बसण्याआधीच हाड खाली गेलेलं दिसतं आणि दोष चाव्यावर टाकला जातो.

घट्ट हाडात ठरलेलं शेवटचं ड्रिल वापरा, काठासाठी वेगळं ड्रिल किटमध्ये असेल तर ते गाळू नका आणि टॅपने आटे आधी पाडून घ्या. मिनिटाला ८०० ते १२०० फेऱ्यांवर, भरपूर सलाइनखाली, दर दोन-तीन सेकंदांनी ड्रिल वर उचलत चला. हाड ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिलं तरी मरतं, आणि बोथट ड्रिलला तिथे पोचायला वेळ लागत नाही. मऊ हाडात उलट, शेवटचं ड्रिल एक साइज लहान ठेवा.

इम्प्लांट ३५ ते ४५ न्यूटन-सेंटिमीटरवर बसला तर ठीक. ३ मिलिमीटर बाहेर असतानाच टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) ५० च्या वर गेला, तर रॅचेटवर, म्हणजे फिरवायच्या पान्यावर, जोर लावू नका. उलटा फिरवून बाहेर काढा, काठापाशी भोक रुंद करा, टॅप फिरवा, पुन्हा बसवा. आणखी एक बारकावा: ०.८ मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) तिहेरी आटे असले तर एका फेरीत इम्प्लांट २.४ मिलिमीटर आत जातो. एकेरी आट्यांची सवय असलेला हात इथे हमखास खोल जातो.

बसवल्यावर खुंटा हलवून बळकट करायचा मोह आवरा. पहिली पकड हाडाच्या नुसत्या घर्षणाची असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जुनं हाड विरघळत असतं, नवं पुरतं आलेलं नसतं, आणि पकड सगळ्यात ढिली असते. त्या काळात दीडशे मायक्रॉनहून जास्त हालचाल झाली तर हाडाऐवजी तंतूच भरतात. दुखत नाही म्हणून पेशंट नेमका तेव्हाच चावायला लागतो. काढता-घालता दात दिला असेल तर इम्प्लांटवरचा भाग आतून २ मिलिमीटर कोरून मऊ लायनर भरा.

मान किती खोल?

गुळगुळीत मानेचा (वरचा भाग बिनआट्यांचा असलेला) इम्प्लांट हाडाच्या खाली गाडला की हाड बहुधा पहिल्या आट्यापर्यंत उतरतं. गुळगुळीत भाग हाडाला ना धरतो ना भार देतो. सपाट जोडाचा इम्प्लांटही खाली दडवू नये. शंकूसारखा आतला जोड आणि प्लॅटफॉर्मपेक्षा (इम्प्लांटच्या वरच्या तोंडापेक्षा) अरुंद अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅपमधला दुवा) असेल, तर जोडाची फट काठापासून आत सरकते आणि कंपनीच्या सूचनेप्रमाणे अर्धा ते एक मिलिमीटर खाली बसवता येतं. मात्र अशा इम्प्लांटवर पूर्ण रुंदीचं अबटमेंट चढवलं की हा फायदा गेला.

संगणकावरच्या ताणाच्या रंगीत चित्रांबद्दल थोडं. अशा बहुतेक मॉडेलमध्ये हाड आणि इम्प्लांट शंभर टक्के चिकटलेले, आणि हाड सगळ्या दिशांना सारखंच धरलेलं असतं. दोन डिझाइनची तुलना करायला ते ठीक. त्यातला मेगापास्कलचा आकडा उचलून ‘इतका भार चालेल’ असं पेशंटला सांगणं धाडसाचं.

कॅपचा स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतोय?

नुसता आवळून पेशंटला घरी पाठवू नका. कॅप काढा, जोडात हिरडी किंवा सिमेंट अडकलंय का पाहा, आणि मग आधी चावा तपासा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. लांब पूल असेल तर एका टोकाचा एकच स्क्रू आवळा. दुसरं टोक उचललं तर पुलाचा सांगाडा बेताल आहे, आणि सगळे स्क्रू आवळल्यावर तो बेतालपणा हाडात कायमचा ताण म्हणून राहतो. सांगाडा कापून जोडायलाच हवा. स्क्रू नवा घाला, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर (बहुधा ३० ते ३५) आवळा, १० मिनिटं थांबा आणि पुन्हा तेवढ्यावरच आवळा. पहिल्या आवळणीनंतर आटे एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो. आटपाडीहून एसटीने आलेल्या पेशंटला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणण्यापेक्षा ही १० मिनिटं स्वस्त.

मग समांतर एक्स-रे घ्या. आटे दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसले तरच तो मोजणीला चालेल. मोजायला पट्टी आटेच: पिच ०.८ असेल आणि हाड दोन आटे खाली गेलं असेल, तर १.६ मिलिमीटर. पहिल्या वर्षी दीड मिलिमीटर आणि पुढे दरसाल ०.२ च्या आत, हा जुना मापदंड. आताच्या डिझाइनकडून याहून कमी झिजेची अपेक्षा ठेवावी. तुलना कॅप बसवलेल्या दिवसाच्या एक्स-रेशी करा. हिरडीतून पू किंवा रक्त येत असेल तर चावा घासून भागणार नाही, ते जंतूंचं काम आहे. हिरडी स्वच्छ, हाड मात्र वाटीसारखं खचलेलं आणि पोर्सेलिन उडालेलं, असं असेल तर भाराकडे बघा. इम्प्लांट स्वतःच हलत असेल तर तो वाचत नाही. काढून जागा भरू द्यावी लागते.

पेशंटच्या कार्डावर कंपनी, व्यास, लांबी, प्लॅटफॉर्म आणि लावलेला टॉर्क लिहून द्या. तो उद्या पुण्याला मुलाकडे राहायला गेला आणि तिथे स्क्रू सैल झाला, तर कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्या कार्डावरूनच कळेल.