आंतरराष्ट्रीय मदत संस्थेला पैसे देण्याआधी तिचा शब्द कसा तपासावा?

सोलापुरात सात रस्त्याजवळ गळ्यात ओळखपत्र अडकवलेला आणि हातात टॅब धरलेला एक मुलगा थांबवतो. "काका, दोनच मिनिटं." टॅबवर बरगड्या दिसणारं एक मूल, खाली एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आम्ही जागतिक मानकांचं पालन करतो.' महिना आठशे रुपये, खात्यातून आपोआप वळते होणार. मागे एकदा मी अशीच सही करून बसलो. बंद करा म्हणून कळवलं, तरी तीन महिने पैसे जातच राहिले. तेव्हापासून मी आधी त्या बारीक अक्षरांमागे लागतो. तासाभराचं काम आहे, मोबाईलवर होतं.

"परदेशातल्या लोकांना कशाला पैसे?" असं कुणी विचारलंच तर सोलापुरात उत्तर सोपं आहे. युद्धातल्या जखमींवर उपचार करायला 1938 साली चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे.

पहिला प्रश्न: मानक कुठलं?

नाव सांगता आलं नाही तर तिथंच थांबा. सांगितलं तर बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं.

सगळ्यात जुनी 1994 ची आचारसंहिता. रेडक्रॉस-रेड क्रिसेंट चळवळ आणि मोठ्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेली, दहा तत्त्वांची. तिच्यावर सही करणं ऐच्छिक, आणि पाळली की नाही हे तपासायला बाहेरचं कुणी येत नाही. म्हणजे नुसती सही हा संस्थेने स्वतःच स्वतःला दिलेला दाखला.

दुसरं स्फिअर, म्हणजे आपत्तीतल्या मदतीची किमान मानकं. 1994 मध्ये रवांडातले निर्वासित शेजारच्या झैरेतल्या (आताचा काँगो) गोमाच्या छावण्यांत पोचले आणि तिथं कॉलऱ्याने हजारो माणसं गेली. मदत संस्थांची गर्दी होती, पण किमान काय द्यायचं यावर एकमत नव्हतं. त्या अनुभवातून 1997 मध्ये स्फिअर सुरू झालं. त्याची भाषा आकड्यांची आहे: माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, नळावर अर्ध्या तासापेक्षा जास्त रांग नको, निवाऱ्यात माणशी 3.5 चौरस मीटर जागा. चार-पाच दिवसांआड येणारा नळ पाहिलेल्या सोलापूरकराला 15 लिटर म्हणजे किती हे समजावायला नको.

तिसरं, आणि आपल्या कामाचं, कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड, म्हणजे मानवतावादी मदतीचं मूळ मानक. डिसेंबर 2014 मध्ये आलं, 2024 मध्ये सुधारलं. यात नऊ वचनं आहेत आणि ती देणगीदाराला नाही, मदत घेणाऱ्या माणसाला दिलेली आहेत. हा फरक लहान नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या गल्लीतूनही जुन्या कपड्यांची गाठोडी गेली होती. काय हवंय, हे तिथल्या कुणालाही आम्ही विचारलं नव्हतं.

दुसरं काम: सही की तपासणी?

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. एखादी संस्था मानकाच्या संघटनेची नुसती सदस्य असू शकते, स्वतःचं मूल्यमापन स्वतःच केलेली असू शकते, किंवा बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घेऊन प्रमाणपत्र मिळवलेली असू शकते. बोधचिन्ह पाहून यातलं काहीच कळत नाही. कोअर स्टँडर्डची बाहेरची तपासणी जिनिव्हाची एचक्यूएआय (HQAI) ही संस्था करते. तिच्या संकेतस्थळावर तपासलेल्या संस्थांची यादी आणि अहवालांचे सारांश मिळतात. नाव शोधा, अहवाल उघडा आणि थेट पाचव्या वचनावर जा.

पाचवं वचन तक्रारीचं. एकूण मूल्यमापनांत संस्था इथंच सर्वांत कमी पडल्याचं दिसलं आहे, म्हणून उणिवा लिहिलेल्या दिसल्या तर लगेच दचकू नका. उणीव लिहिली आहे, दुरुस्तीची मुदत दिली आहे आणि पुढच्या अहवालात ती दूर झाली आहे, हे मला कोऱ्या स्तुतीपेक्षा जास्त खरं वाटतं.

तक्रार एवढी महत्त्वाची का? हैतीत 2010 च्या भूकंपानंतर ऑक्सफॅम या मोठ्या मदत संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाचं प्रकरण 2018 मध्ये बाहेर आलं. ऑक्सफॅम ही 1994 ची आचारसंहिता पुरस्कृत करणाऱ्या संस्थांपैकीच एक, म्हणजे नुसती सही पुरत नाही.

तिसरं काम: एक ई-मेल

संस्थेला लिहा: "तुमची मदत घेणाऱ्या बाईला तुमच्याच माणसाविरुद्ध तक्रार करायची असेल, तर ती कुठे, कुठल्या भाषेत आणि कुणाकडे करते? गेल्या वर्षी अशा किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं?" भाषेचा मुद्दा सोडू नका. आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. घरी तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बाईसमोर कुलूपबंद पेटी आणि इंग्रजी फॉर्म ठेवला, तर ती पेटी वर्षभर रिकामीच राहणार. आणि अहवालात छापून येणार, 'एकही तक्रार नाही.'

ई-मेल लिहीपर्यंत त्यांचं माहितीपत्रकही पाहून घ्या. आचारसंहितेचं दहावं तत्त्व सांगतं की जाहिरातीत आपदग्रस्तांना केविलवाण्या वस्तू म्हणून नाही, प्रतिष्ठा असलेली माणसं म्हणून दाखवा. टॅबवरचं ते मूल आठवा.

मग आपले कागद

ही मानकं ऐच्छिक आहेत, कायदा वेगळा. परदेशी नावाच्या बऱ्याच संस्था इथं भारतीय ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून नोंदलेल्या असतात. पावतीवर तेच नाव आहे का ते बघा. नोंदणी क्रमांक आणि 80जी, म्हणजे देणगीवर आयकर सवलत मिळवून देणारी नोंदणी, विचारा. 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80जीची सवलत नाही, आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर ती सवलत तशीही मिळत नाही. पैसे नेमके कुठल्या देशात खर्च होणार हे लेखी मागा, कारण चित्र आफ्रिकेचं आणि प्रकल्प भारतातला असंही असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त सांगायला हवं.

मी दोन संस्थांना हाच ई-मेल पाठवला होता. एकीकडून दुसऱ्याच दिवशी आभार आले आणि सोबत पैसे भरायची लिंक. दुसरीचं उत्तर यायला बारा दिवस लागले. त्यात तक्रारींचा आकडा होता, चार भाषांची नावं होती आणि एका केंद्रावर उत्तरं द्यायला उशीर झाल्याची कबुली होती. मी त्या दुसरीला पैसे पाठवले. एकरकमी, ऑटो-डेबिट नाही.