एंजल इन्व्हेस्टिंग करायचंय? आधी कॅप टेबल वाचायला शिका

आयटीत दहा-बारा वर्षं काढली, इसॉपचे (कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचे) पैसे सुटले, की पुण्यातल्या आमच्या ग्रुपमधे कुणाला ना कुणाला एंजल इन्व्हेस्टर, म्हणजे नव्या कंपनीत सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालणारा, व्हायची हुक्की येतेच. मग मला मेसेज, "एखादा चांगला स्टार्टअप सांग ना, चार-पाच लाख टाकतो." स्टार्टअपचं नाव मी सांगत नाही, बाकीचं सांगतो, तेच इथे लिहितोय.

सगळ्यांना तो गूगलचा किस्सा पाठ असतो, 1998 मधे अँडी बेख्टोल्शाइमने कंपनी रजिस्टर व्हायच्या आधीच 1 लाख डॉलरचा चेक फाडला वगैरे. भारी आहे किस्सा. पण बुडालेल्या चेकांचे किस्से कोणी पार्टीत सांगत नाही, आणि बुडणारेच जास्त असतात. म्हणून सगळी रक्कम एकाच ठिकाणी टाकू नका, आणि बुडाली तर घरी भांडण होईल अशी रक्कम तर काढूच नका.

आता पैसे घालायचे कुठून? आधी लोक ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरच्या सिंडिकेटमधून, म्हणजे एकत्र पैसे घालणाऱ्या गटातून, छोटी रक्कम टाकायचे, त्यातले बरेचसे गट मागे सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) रजिस्टर केलेला एंजल फंड वापरायचे. 2025 मधे सेबीने नियम बदलले, नव्याने येणाऱ्याला एंजल फंडात शिरायचं तर अॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर असावं लागतं, म्हणजे साधारण वर्षाला 2 कोटी उत्पन्न किंवा साडेसात कोटी नेटवर्थ, त्यातलं निम्मं फायनान्शियल, म्हणजे घर-जमीन सोडून शेअर, ठेवी वगैरे. आपल्यातल्या बहुतेकांचा पत्ता इथेच कट. मग उरतो सरळ कंपनीचे शेअर घ्यायचा रस्ता, ज्याला प्रायव्हेट प्लेसमेंट म्हणतात, आणि तिथे तुमच्या वतीने कागद तपासणारं कोणी नसतं, तुम्हीच तपासायचे.

लोक डेक (इन्व्हेस्टरला दाखवायचं प्रेझेंटेशन) बघतात, डेमो बघतात, फाउंडर आयआयटीचा आहे का बघतात. मी आधी एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर 100 रुपये भरून कंपनीचे पब्लिक डॉक्युमेंट उघडतो. कंपनी एक-दोन वर्षं जुनी असेल तर बॅलन्स शीट मिळते, अॅन्युअल रिटर्न मिळतो, कुणाकडे किती शेअर आहेत त्याची यादीही, म्हणजेच कॅप टेबल, बहुतेक वेळा त्यालाच जोडलेली असते. एका हेल्थटेक कंपनीचा डेमो खरंच झकास होता, पण यादीत एका माणसाकडे 28 टक्के, आणि डेकच्या टीम स्लाइडवर त्याचं नावच नाही. विचारलं तर म्हणे "तो आधीचा को-फाउंडर, नोकरीला गेला." वेस्टिंगचा, म्हणजे जितकी वर्षं काम तितके शेअर पक्के होण्याचा, करारच केला नव्हता, त्यामुळे तो काम न करता शेअर घेऊन बसलेला. अशा कंपनीत पुढचा व्हीसी (मोठे पैसे घालणारा व्हेंचर कॅपिटल फंड) आला की तो पहिला हाच प्रश्न काढणार, आणि तो सुटेपर्यंत पैसे उभारायचा राउंड अडणार. मी नाही म्हटलं.

मग गणित. समजा तुम्ही 5 लाख टाकले आणि पैसे आल्यानंतरचं म्हणजे पोस्ट-मनी व्हॅल्युएशन 5 कोटी, तर तुमचा 1 टक्का. पुढे तीन राउंड झाले, प्रत्येकात 20 टक्के डायल्यूशन (नवे शेअर निघाल्याने आपला हिस्सा घटणं) धरा, तर 1 चा 0.8, मग 0.64, मग 0.51 टक्का. कर्मचाऱ्यांसाठी राखलेला इसॉप पूल वाढवला की अजून कमी. कंपनी 100 कोटीला विकली गेली तर 51 लाख, दहापट, पार्टी! पण विकली 30 कोटीला, आणि नंतरच्या इन्व्हेस्टरांनी मिळून 30 कोटी टाकलेत व त्यांना तुमच्या आधी पैसे परत घ्यायचा हक्क आहे, तर तुमच्या हाती शून्य. "कंपनी विकली गेली" ही बातमी वाचून अभिनंदनाचे मेसेज येतात ते वेगळं. त्यामुळे टर्म शीटमधे (सौद्याच्या अटींचा कागद) व्हॅल्युएशनच्या आकड्यापेक्षा लिक्विडेशन प्रेफरन्सचा, म्हणजे आधी पैसे कोण घेणार त्याचा, पॅरा आधी वाचा, समजला नाही तर वकिलाला पैसे द्या, त्यात काटकसर नको.

कागदांबद्दल थोडं. शेअर बहुतेक सीसीपीएस असतात, म्हणजे पुढे इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर. कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमधे बदलता येणारं कर्ज, कोणी देऊ केली तर लक्षात ठेवा, ती फक्त डीपीआयआयटीची (स्टार्टअपना मान्यता देणारा केंद्राचा विभाग) मान्यता असलेल्या स्टार्टअपला देता येते आणि एका माणसाकडून एकाच हप्त्यात किमान 25 लाख लागतात, त्यामुळे पाच लाखाची नोट म्हणणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा. पैसे स्वतःच्याच बँक खात्यातून पाठवायचे, बायकोच्या किंवा बाबांच्या नाही, कायद्यातच तसं आहे. पैसे गेल्यापासून 60 दिवसांत शेअर अलॉट झाले पाहिजेत, नाहीतर पुढच्या 15 दिवसांत परत. अलॉटमेंटनंतर कंपनी कुणाला किती शेअर दिले ते सरकारला कळवणारा पीएएस-3 फॉर्म भरते, तो भरेपर्यंत तिला ते पैसे वापरताही येत नाहीत. त्याची कॉपी मागा, लाजू नका, चांगला फाउंडर न मागता पाठवतो.

टॅक्सचं म्हणाल तर जो एंजल टॅक्स होता (शेअर वाजवी किमतीपेक्षा महाग विकले तर जादा रकमेवर लागणारा), 2012 चा, तो 2024 च्या बजेटमधे गेला, शिवाय तो भरायचा कंपनीने होता, तुम्ही नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की अनलिस्टेड (शेअर बाजारात नोंद नसलेले) इक्विटी शेअर असले की आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 मधे कंपनीचं नाव, पॅन, किती शेअर सगळं भरावं लागतं. नोकरदार लोक हे हमखास विसरतात. 24 महिन्यांनंतर विकले तर लॉंग टर्म, 12.5 टक्के. लॉंग टर्म लॉस झाला तर तो फक्त लॉंग टर्म गेनमधूनच वजा होतो, 8 वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न वेळेत भरला असेल तरच.

आणि हो, दर महिन्याला किंवा निदान तिमाहीला अपडेट पाठवायचं शेअरहोल्डर अॅग्रीमेंटमधे लिहूनच घ्या. बँकेत किती शिल्लक, महिन्याचा खर्च किती, किती महिने पुरेल, एवढ्या तीन ओळी आल्या तरी मला चालतं. त्या यायच्या बंद झाल्या की मी सरळ फोन लावतो.