हिमालयात जायच्या आधी हिमस्खलनाचा सराव वावरातच करा

विदर्भातून हिमालयात निघणारी पोरं महिनाभर आधीपासून धावतात, टेकड्या चढतात, दम कमावतात. बर्फ ओळखायचा मात्र कोणी शिकत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलनात सापडलेल्यांत बहुतेक प्रशिक्षणार्थीच होते. ऑक्टोबर म्हणजे ऐन हिवाळाही नव्हे.

आधी उतार पाहा. बर्फाची लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. काठी बर्फावर उताराच्या दिशेनं आडवी ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवून कोन मोजा. आजच घराच्या कवेलूच्या छपराचा कोन नजरेनं सांगा आणि मग मोजा; अंदाज किती चुकतो ते कळेल. तुमची वाट सपाट असली तरी डोक्यावर ३८ अंशांचा उतार असेल, तर धोका तिथूनच येतो.

मग थर. कडाक्याच्या थंडीत पातळ बर्फाच्या तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, कारण खालची जमीन उबदार आणि वरची हवा गार असते. हे दाणे एकमेकांना धरत नाहीत. वर नवा बर्फ पडला किंवा वाऱ्यानं आणून टाकला की तो भार साखरेवर बसतो; मग एका माणसाचं वजनही पुरतं. सावलीतल्या, उत्तरेकडच्या उतारांवर हा थर फार दिवस टिकतो. वारा ज्या बाजूनं येतो तिच्या पलीकडच्या, आडोशाच्या उतारावर बर्फ साचतो, म्हणून तिथं दुप्पट सावध राहा.

पाय ठेवताच 'धुप्प' असा दबका आवाज आला, बर्फात भेग सरसर पुढे धावली, शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, एका दिवसात ३० सेंमीच्या आसपास बर्फ पडला किंवा एकाएकी ऊब वाढली, तर उभे उतार सोडून द्या. बर्फवृष्टीनंतर किमान एक-दोन दिवस थांबा. उन्हानं बर्फ ओला होऊन घसरतो. पहाटे निघून उन्हं चढण्याआधी असा उतार मागे टाकायचा.

शंका असेल तर कमी कोनाच्या सुरक्षित जागी, पण त्याच दिशेच्या उतारावर खड्डा खणा. ३० बाय ३० सेंमीचा, साधारण मीटरभर उंच बर्फाचा खांब चारही बाजूंनी मोकळा करा. वर फावड्याचं पातं ठेवून हातानं मारा: दहा वेळा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. पहिल्या दहांतच गुळगुळीत चिरा जाऊन वरची लादी झटकन सरकली, तर परत फिरा. खांब टिकला म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो.

संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एकेकानं जायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरून नजर हलवायची नाही. काठीचे पट्टे मनगटातून काढलेले असावेत.

प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर म्हणजे सिग्नल पाठवणारं आणि दुसऱ्याचा सिग्नल शोधणारं अंगावरचं छोटं यंत्र, प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी सळई आणि धातूचं फावडं हवं. आयोजक देतीलच असं धरून चालू नका, पैसे भरण्याआधी विचारा. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंमी दूर, शोधताना ५० सेंमी.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासानं ती फारच कमी उरते. म्हणून मदत आणायला सगळ्यांनी धावू नका, सोबत्यांनीच शोधायचं. वरून दुसरी घसरण येत नाही ना, ते आधी पाहा. तो शेवटी दिसला तिथून खाली शोधा. सगळ्यांचे ट्रान्सीव्हर शोधण्याच्या मोडवर हवेत, एकाचा जरी पाठवण्यावर राहिला तर यंत्र त्याच्याकडेच ओढून नेतं. सिग्नल सर्वांत जवळचा दाखवतो तिथून २५-२५ सेंमी अंतरानं गोल गोल प्रोब टोचा. लागला की प्रोब तिथंच ठेवा आणि थोडं खालच्या बाजूनं आत खणा. वरून उभं खणलं तर तोंडावरच्या हवेच्या पोकळीवर तुम्हीच चढता.

हा सगळा सराव गावात होतो. खळ्यावरच्या कुटाराच्या ढिगात ट्रान्सीव्हर पिशवीत घालून लपवा, लपवणाऱ्यानं जागा सांगायची नाही. घसरलेला बर्फ थांबला की घट्ट बसतो, म्हणून खणण्याचा सराव मुरलेल्या शेणखताच्या ढिगात करा: दोघं आळीपाळीनं, एक तोडेल, दुसरा मागे ओढेल. शोधून मीटरभर खोल खणायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर अजून दोन रविवार द्या.