उभ्या गाडीची बॅटरी उतरते? नवी घेण्याआधी मीटर लावा

शनिवारी रात्री गाडी नीट लावली, लॉक केली. मंगळवारी सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणून विझले. अशा वेळी बहुतेक जण थेट बॅटरीवाल्याला फोन करतात. तो नवी बॅटरी टाकतो, जुनी घेऊन जातो, चार-पाच हजार रुपये जातात. महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा एका सकाळी तेच टक-टक.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी १४ महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. गाडी आठवड्यातून एकदा-दोनदाच बाहेर निघायची, त्यामुळे ‘वापर नाही म्हणून उतरते’ असं त्यांना प्रत्येकाने सांगितलं. दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. गाडी बंद असताना कोणीतरी करंट खात होतं, आणि ते मोजायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मोजायला लागतो तो साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजणारं यंत्र), १० नंबरचा पाना आणि तासभर वेळ.

आधी थोडा हिशेब

लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपियर-अवरची बॅटरी असते, म्हणजे हिशेबाला १ अँपियर करंट ३५ तास देणारी. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, सिक्युरिटी अलार्म आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी थोडा करंट घेतच असतात. तो २० ते ५० मिलिअँपियर असेल तर काळजीचं कारण नाही. ५० मिलिअँपियरने ३५ची बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला २९ दिवस लागतात. पण सेल्फ मारायला बॅटरीत निम्मा तरी जीव लागतो, म्हणून दोन आठवड्यांनंतर गाडी कुरकुरू लागते. हे निरोगी गाडीचं गणित झालं.

आता डिकीतला ५ वॅटचा छोटा बल्ब घ्या. तो ४०० मिलिअँपियरच्या आसपास घेतो. तेवढा एक बल्ब चालू राहिला तर दोन दिवसांत बॅटरी निम्मी होते. म्हणून ‘किती दिवस उभी राहिल्यावर उतरते?’ हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा. तीन आठवड्यांनी उतरत असेल तर गाडीत बिघाड असेलच असं नाही. तीन दिवसांत उतरत असेल तर एक तर बॅटरी म्हातारी झाली आहे, नाहीतर गाडीत करंट खाणारा चोर आहे.

पायरी १: गाडी सुरू करून घ्या, पण वायरींचा क्रम पाळून

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावताना आधी लाल वायर तुमच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग लाल वायरचं दुसरं टोक त्या गाडीच्या पॉझिटिव्हला. मग काळी वायर त्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. हे शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो, म्हणून ही खबरदारी. काढताना उलट क्रमाने काढा. दोन्ही गाड्या न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेले.

धक्का मारून सुरू करणं फक्त मॅन्युअल गियरच्या गाडीला जमतं. बॅटरी पार मेलेली असेल तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना तेही चालत नाही, कारण फ्युएल पंप आणि ईसीयूलाही वीज लागते.

सुरू झाल्यावर जागेवर दहा मिनिटं रेस करून बॅटरी भरत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरवरच भरावी. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका ठेवा, म्हणजे ३५च्या बॅटरीला साडेतीन अँपियर. घरी चार्जर नसेल तर बॅटरीच्या दुकानात रात्रभर ठेवा. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि तिची क्षमता कायमची कमी होते.

पायरी २: बॅटरी धड आहे का?

भरलेली बॅटरी रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी दार न उघडता बॉनेट उघडता येत असेल तर उत्तम, नाहीतर संध्याकाळीच बॉनेटचं हँडल ओढून ठेवा. मीटर डीसी २० व्होल्टवर घेऊन दोन्ही टर्मिनलवर टेकवा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८च्या खाली जवळजवळ रिकामी.

मग टर्मिनल काढून बॅटरी दोन दिवस गाडीपासून सुटी ठेवा आणि पुन्हा मोजा. सुटी असतानाही १२.३च्या खाली आली तर दोष बॅटरीतच आहे, पुढे शोधत बसू नका. सुटी असताना व्होल्टेज टिकतं आणि जोडल्यावर पडतं, तर खाणारा गाडीत आहे. हा सोपा फरक काकांना आधी कळला असता तर दुसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले असते.

बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर भरवसा ठेवू नका. बॅटरीत सहा सेल असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाच सेलचं सांगतो. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षं झालेल्या बॅटरीची दुकानात लोड टेस्ट करून घेणं चांगलं. व्होल्टेज बरं दिसूनही सेल्फच्या भाराखाली कोसळणाऱ्या बॅटऱ्या असतात.

पायरी ३: चार्जिंग होतंय का?

इंजिन चालू करून तेच दोन टर्मिनल मोजा. १३.८ ते १४.५च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी भरणारा जनरेटर) काम करतोय. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर केला जातो, त्यामुळे हेडलाइट लावूनही एकदा बघा. १३च्या खालीच राहत असेल तर आधी अल्टरनेटर आणि त्याला फिरवणारा पट्टा तपासून घ्या.

पायरी ४: उभी गाडी किती खाते ते मोजा

सगळं बंद करा. किल्ली गाडीपासून लांब ठेवा. कीलेस गाडीत तर किल्ली घरातच ठेवा, कारण ती जवळ असली की काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. बॉनेट उघडं राहणार आहे, पण दार बंद असल्याचं गाडीला वाटलं पाहिजे. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवावं लागत असेल, कारण फ्यूजबॉक्स बहुतेक तिथेच असतो, तर दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ते बंद झाल्यासारखं फिरवा. काम झाल्यावर हँडल ओढून ते आधी मोकळं करा आणि मगच दार लावा, नाहीतर लॅच मोडेल.

मीटरची लाल पिन १० अँपियरच्या भोकात घाला. मिलिअँपियरच्या भोकात घातलीत तर पहिल्याच झटक्याला मीटरचा फ्यूज उडेल. आता निगेटिव्ह टर्मिनल सैल करून काढा आणि मीटर मध्ये घ्या: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं काढलेल्या वायरच्या क्लॅम्पला. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. सेल्फ शेकडो अँपियर ओढतो.

सुरुवातीला एक-दोन अँपियर दिसतील. घाबरू नका. गाडीतले कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटर) हळूहळू झोपी जातात, त्याला २० मिनिटं ते पाऊण तास लागतो. बहुतेकांची चूक इथेच होते. पहिला मोठा आकडा बघून ते फ्यूज उपसायला लागतात आणि भलत्याच सर्किटला दोषी ठरवतात. थांबा. चहा करून या. आकडा खाली येऊन स्थिर झाला की तोच खरा.

०.०५ अँपियर, म्हणजे ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर गाडी निर्दोष आहे. काकांच्या गाडीत ४० मिनिटांनंतरही मीटर ०.४१वर ठाम उभा होता.

इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प मीटर या कामाला चालत नाही, तो बहुधा एसीच मोजतो. डीसी मिलिअँपियर वाचणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर टर्मिनल काढायचीही गरज नाही.

पायरी ५: एकेक फ्यूज काढा

एकाने मीटरकडे बघायचं, दुसऱ्याने एकेक फ्यूज चिमट्याने काढून लगेच परत लावायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडेल, चोर त्याच्या सर्किटवर आहे. फ्यूजबॉक्स दोन असतात, एक बॉनेटखाली आणि एक डॅशबोर्डच्या खाली. दोन्ही बघा.

फ्यूज परत लावताना काही गाड्यांचे कंट्रोलर जागे होतात आणि पुन्हा अर्धा तास वाट बघावी लागते. अशा गाडीत फ्यूज काढूच नका. टर्मिनल परत घट्ट लावून गाडी पुन्हा झोपू द्या. मग लाल पिन परत व्होल्टच्या भोकात घालून, मीटर मिलिव्होल्टवर घेऊन फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या ठिपक्यांवर टेकवा. शून्य असेल तर त्या फ्यूजमधून काही वाहत नाही. थोडंसंही काही दिसलं तर तिथून करंट जातोय.

काकांच्या गाडीत ‘रूम’ लिहिलेला फ्यूज काढला आणि ०.४१चा आकडा ०.०२वर आला. पण त्या एका फ्यूजवर आतला दिवा, स्टिरिओची मेमरी आणि डिकीचा दिवा असं तिन्ही होतं. आतला दिवा डोळ्यांसमोर बंद होता. स्टिरिओचं कनेक्टर काढलं, आकडा हलला नाही. मग मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला, डिकी लावली आणि मिनिटभराने काढून बघितलं. डिकी बंद झाल्यावरही व्हिडिओत स्टेपनीचं झाकण लख्ख दिसत होतं. डिकी लागली की दाबलं जाणारं छोटं बटण असतं, त्यावर टेकणारा रबराचा गट्टू कधीतरी पडून गेला होता. नवा गट्टू ६० रुपयांना मिळाला.

नेहमीचे संशयित

बाहेरून बसवलेली वस्तू सगळ्यात आधी तपासा. स्टिरिओच्या वायरिंगमध्ये पिवळी वायर कायम चालू असलेल्या लाइनवर आणि लाल वायर किल्लीच्या लाइनवर जायला हवी. किल्लीशिवाय गाणी वाजावीत म्हणून काही जण दोन्ही एकत्र जोडून देतात, मग स्टिरिओ झोपतच नाही. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर आणि ओबीडी सॉकेटमध्ये (गाडी तपासायचं यंत्र जोडतात त्या सॉकेटमध्ये) खुपसून ठेवलेली डिव्हाइस यांचंही तेच. डॅशकॅमला कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असेल तर ती १२.४वर ठेवा. फास्टॅगवर मात्र आळ घेऊ नका, त्या स्टिकरला गाडीची वीज लागतच नाही.

चिकटलेला रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) हाताला किंचित गरम लागतो. ब्रेकचा स्विच अडकला तर मागचे दिवे रात्रभर जळतात, म्हणून गाडी लावल्यावर एकदा मागे जाऊन बघा. एकही फ्यूज काढून आकडा पडत नसेल तर अल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेलेला असू शकतो. त्याची जाड वायर अनेक गाड्यांत लहान फ्यूजांना वळसा घालून थेट बॅटरीला जाते. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या आणि त्याला तुमचा आकडा सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचेल.

बॅटरीच्या वरचा ओलसर काळपट थरही करंट झिरपू देतो, पावसाळ्यात जास्तच. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून पुसून घ्या, टर्मिनल घासून घट्ट करा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवा.

महिनाभर गावाला जाताना

निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. कोणत्याही कामात आधी निगेटिव्ह काढायचं आणि ते सगळ्यात शेवटी लावायचं. मग पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. टर्मिनल काढलं की अलार्म बंद राहील, घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग जाईल, तेवढी तयारी ठेवा. डिकी फक्त बटणाने उघडत असेल तर आतलं सामान आधी काढून घ्या. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते आणि तीही अशीच उतरते, पण तिथे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करा. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही.

दुरुस्ती झाली की पुन्हा मोजा. सगळं जोडून गाडी लॉक करा, दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्टेज लिहून ठेवा आणि गाडी न हलवता तिसऱ्या दिवशी परत मोजा. काकांच्या वहीत रबराचा गट्टू बसवल्यानंतरचे आकडे आहेत: पहिल्या सकाळी १२.६२, तिसऱ्या सकाळी १२.५८.