कम्प्युटेशनल न्यूरोसायन्सच्या समर स्कूलला जाताय? या चुका टाळा

कम्प्युटेशनल न्यूरोसायन्सच्या, म्हणजे संगणकावर मेंदूची मॉडेल्स बांधायला शिकवणाऱ्या, समर स्कूलला ट्यूटर म्हणून बसलं की दुसऱ्या आठवड्यापासून तेच ते प्रश्न सुरू होतात. मुलं हुशार असतात, बऱ्याच जणांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं असतं. चुका मात्र दरवर्षी त्याच.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे नॉइज (मॉडेलमध्ये मुद्दाम घातलेले रँडम धक्के) मिसळताना डीटीचं, म्हणजे सिम्युलेशनच्या एका वेळ-पायरीचं, वर्गमूळ विसरणं. एका वर्षी माझ्या गटातल्या मुलीने दोनशे 'इंटिग्रेट अँड फायर' न्यूरॉनचं नेटवर्क बांधलं होतं (येणारा करंट साठवत ठरावीक व्होल्टेजला स्पाइक, म्हणजे विजेचा छोटा झटका, देणारं साधं मॉडेल). नॉइज ठरावीक पातळीला पोचला की अख्खं नेटवर्क एका तालात स्पाइक द्यायचं. रास्टर प्लॉटवर (कुठल्या न्यूरॉनने कधी स्पाइक दिला ते ठिपक्यांनी दाखवणारी आकृती) अशा देखण्या उभ्या पट्ट्या की मीही 'वा' म्हणून गेलो. पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलं. सादरीकरणाला दोन दिवस असताना, रात्री अकराला मी म्हटलं, "डीटी ०.१ मिलिसेकंद आहे ना? ०.०१ करून एकदा चालव."

"सर, दहापट वेळ लागेल."

"लागू दे."

सकाळी पट्ट्या गायब, न्यूरॉन गप्प. कोडमध्ये नॉइजची ओळ होती: सिग्मा (नॉइजची ताकद) गुणिले रँडम आकडा गुणिले डीटी. बाकीच्या समीकरणाला डीटीने गुणतात तसंच इथेही गुणलेलं. पण सुटे रँडम धक्के एकमेकांना खात जातात, बेरीज होते ती त्यांच्या व्हेरिअन्सची (विखुरणीच्या वर्गाची). म्हणून तिथे डीटीचं वर्गमूळ लागतं. नुसत्या डीटीने गुणलं तर पायरी दहापट बारीक केल्यावर तेवढ्याच वेळातला नॉइजचा जोर सुमारे ३.२ पटींनी घटतो. तिचा 'शोध' मेंदूतला नव्हता, ०.१ या आकड्यातला होता. उरलेल्या दीड दिवसात तिने पोस्टर नव्याने केलं, आणि ते चांगलं झालं. 'वा' म्हणण्याआधी कोड न बघणं ही माझी चूक, ती वेगळीच.

तेव्हापासून डीटी निम्मा करून पाहिल्याशिवाय माझ्या गटात आकृती दाखवायची नाही. वेळ कमी असेल तर नेटवर्क छोटं करा, डीटी मोठा करू नका.

दुसरं दुखणं तापमानाचं. न्यूरॉनमध्ये स्पाइक कसा तयार होतो ते सांगणारं हॉजकिन-हक्सले यांचं १९५२चं मॉडेल स्क्विडच्या जाड ॲक्सॉनचं (न्यूरॉनच्या लांब तंतूचं) आहे, ६.३ अंश सेल्सिअसचं. न्यूरॉन नावाच्या सिम्युलेटरमध्ये तापमान सांगितलं नाही तर तो हेच ६.३ धरतो. मग कोणीतरी उंदराच्या कॉर्टेक्सची पेशी म्हणून तेच चॅनल (पेशीच्या पडद्यातली आयन आत-बाहेर सोडणारी दारं) वापरतो, स्पाइक फार रुंद येतो म्हणून तापमान ३७ करतो आणि स्पाइक खुरटला की माझ्याकडे येतो. क्यू-टेन (तापमान दहा अंशांनी वाढल्यावर वेग किती पट होतो तो आकडा) ३ धरला तर ३७ अंशांना चॅनलचे गेट्स सुमारे २९ पट वेगाने हलतात, खुरटणारच! आकडा फिरवून स्क्विडचा उंदीर होत नाही. त्या पेशीवर मोजलेले चॅनल शोधा. तासभर वाचन लागेल, आणि नेमका तोच तास कुणाला द्यायचा नसतो.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. पॉयसन स्पाइक (ठरावीक सरासरी दराने रँडम येणारे) काढताना दर हर्ट्झमध्ये आणि डीटी मिलिसेकंदात असेल तर त्यांच्या गुणाकाराला हजाराने भागा. शक्यता एकाच्या वर गेली तर गुन्हेगार हाच. व्होल्टेज नेमकं उणे ५५ मिलिव्होल्ट झालं की हॉजकिन-हक्सलेतल्या पोटॅशियमच्या अल्फाला (गेट उघडण्याच्या दराला) शून्य भागिले शून्य मिळतं, तिथे मर्यादेची किंमत हाताने भरा. रँडम सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) लिहून ठेवा. सुरुवातीचे काही शे मिलिसेकंद सरासरीत घेऊ नका.

आणि पहिल्याच दिवशी 'मला पूर्ण हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) करायचाय' म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या वुड्स होलमध्ये १९८८पासून चालणारा कोर्स असो की २०२०मध्ये ऑनलाइन सुरू झालेली न्यूरोमॅच अकॅडमी, हातात आठवडे तीन-चारच असतात. गिटहबवरून (कोड शेअर करायची वेबसाइट) उचललेलं मोठं मॉडेल चालू करण्यातच दोन जातात, आणि ते का चालतं हे शेवटपर्यंत कळत नाही. आधी एकच हॉजकिन-हक्सले न्यूरॉन स्वतः लिहा. त्याला चौरस सेंटिमीटरमागे १० मायक्रोॲम्पिअर करंट द्या आणि सेकंदाचे स्पाइक मोजा. सत्तरच्या आसपास आले तर पुढे जा. हजारोंत आले तर थ्रेशोल्डच्या (स्पाइक धरायला ठरवलेल्या व्होल्टेजच्या) वरचा प्रत्येक बिंदू स्पाइक म्हणून मोजताय. फक्त खालून वर ओलांडतानाचा मोजा.