व्हीलचेअर घेऊन कोकण किनाऱ्यावर कसं जावं

कोकणातल्या घरमालकाला फोनवर विचारलं, "पायऱ्या आहेत का?", तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "छे हो, दोनच!" माणूस खोटं बोलत नसतो. डोक्यावर ओझं घेऊन रोज पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढणाऱ्याला दोन पायऱ्या दिसतच नाहीत. पण व्हीलचेअरवरच्या किंवा वॉकर धरून चालणाऱ्या माणसाची सहल अडते ती नेमकी तिथे. मुंबई ते रत्नागिरी प्रवास सुखरूप होतो आणि दारापासून न्हाणीघरापर्यंतची दहा पावलं जड जातात. म्हणून ही आखणी उलट्या बाजूने करायची. आधी शेवटची दहा पावलं, मग तिथी, मग मुक्काम. तिकीट सगळ्यात शेवटी.

पहिलं काम: टेप घ्या आणि मोजा

व्हीलचेअरची रुंदी चाकांबाहेरच्या लोखंडी कड्यांसकट मोजा. साध्या घडीच्या खुर्च्या साधारण दोन फूट ते सव्वीस इंच भरतात. बसायची उंची मोजा आणि घडी घातल्यावर ती किती जागा खाते तेही पाहा. मग ज्यांना घेऊन जायचंय त्यांच्याशीच बोला, त्यांच्या देखत दुसऱ्यांशी नव्हे. आधार दिला तर उभं राहता येतं का, एखादी पायरी चढता येते का, खुर्चीतून पलंगावर स्वतः सरकता येतं की कोणी उचलावं लागतं, रात्री किती वेळा उठावं लागतं. आणि उचलून न्यायची वेळ आली तर चालेल का? पुष्कळांना ते आवडत नाही. समुद्रापर्यंत न गेलेलं परवडलं, पण चौघांनी खुर्चीसकट उचललेलं नको, असं कोणी म्हणालं तर तिथे विषय संपला.

दुसरं: तिथी पाहून तारीख ठरवा

हा भाग लोक सोडून देतात आणि मग किनाऱ्याच्या कोरड्या पुळणीत, म्हणजे वाळूत, चाकं रुतवून बसतात. भरतीरेषेच्या वरची सुकी वाळू भुसभुशीत असते, तिच्यात व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं हातभरही जात नाहीत. ओहोटीने मागे सोडलेली ओली वाळू मात्र दाबून बसलेली असते. सपाट किनाऱ्यावर तिच्यावरून साधी खुर्चीही ढकलता येते.

ओहोटी कधी, हे काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: पक्षातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ठिकाणागणिक वेळ थोडी इकडेतिकडे होते, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचं तयार वेळापत्रक एकदा पाहून घ्या, पण सहलीची तारीख धरायला हा हिशेब चोख आहे.

आता याचा अर्थ काय होतो पाहा. अष्टमीला गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी पूर्ण भरती, आणि ओली वाळू उघडी पडते ती भर दुपारी, उन्हात. पौर्णिमा किंवा अमावास्येला गेलात तर संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. त्यात हे दिवस उधाणाचे, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या दिवसांपेक्षा पाणी जास्त लांब हटतं, आणि रुंद, घट्ट पुळण नेमकी मावळतीच्या वेळेला मिळते. त्रयोदशी ते द्वितीया हा पट्टा धरा. दिवाळीनंतरची त्रिपुरी पौर्णिमा त्यात सगळ्यात गोड: पाऊस गेलेला, ऊन सौम्य, आणि नाताळची गर्दी अजून लांब.

पावसाळा टाळा. जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की धडधाकट माणूसही घसरतो. मे महिनाही नको. मज्जारज्जूला दुखापत झालेल्यांना नीट घाम येत नाही, शरीर तापत जातं आणि कळायला उशीर होतो.

शिमग्याबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे. ऊन वाढलेलं असतं, गाड्या भरलेल्या असतात, पण गावात ओळखीचं घर असेल तर जरूर जा. त्या दिवसांत ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. देवळाच्या पायऱ्या चढायचा प्रश्नच नाही, देव अंगणात येतो.

तिसरं: मुक्काम विचारताना काय विचारावं

"व्हीलचेअर चालेल का?" असं विचारू नका, उत्तर नेहमी "हो" येतं. त्याऐवजी एक व्हिडिओ मागा: गाडी थांबते तिथून सुरू करून ओट्यावरून, पडवीतून, खोलीत आणि थेट संडासापर्यंत, न थांबता चालत काढलेला. फोटोत उंबरे दिसत नाहीत, व्हिडिओत लपत नाहीत. त्याबरोबर दोन मापं मागा. न्हाणीघराचं दार पूर्ण उघडल्यावर मधली मोकळी जागा किती, आणि पलंगाची उंची किती. सार्वजनिक इमारतींसाठी ९० सेंटिमीटर रुंद दार अपेक्षित असतं, घरगुती मुक्कामाला इतकं क्वचितच मिळेल. खोलीचं दार पुरतं आणि न्हाणीघराचं अडीच फुटांहून कमी निघतं, हा नेहमीचा घोळ. बिजागऱ्यांवरून दार तात्पुरतं उतरवून पडदा लावला की दोन इंच सुटतात. मालक बहुधा तयार असतात, आधी सांगायला हवं इतकंच.

संडास कमोडचा आहे म्हटल्यावरही घडीची कमोड-खुर्ची सोबत ठेवा. वाटेतल्या ढाब्यांवर आणि पंपांवर तीच कामी येते.

उताराचं गणित सोपं आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दोन पायऱ्यांची मिळून फूटभर उंची झाली तर बारा फूट लांब उतार लागेल. म्हणजे सोबत नेता येणारी चार-पाच फुटी फळी एखाद्या उंबऱ्याला किंवा बुटक्या पायरीलाच पुरते. त्याहून जास्त असेल तर खुर्ची पाठमोरी करून मोठी चाकं आधी चढवायची. एक जण मागून मुठी धरून ओढतो, दुसरा पुढून चौकट धरतो. हाताचे दांडे किंवा पायपट्ट्या धरू नयेत, त्या निघून हातात येतात.

जुन्या कौलारू घरापेक्षा नवं, जमिनीलगतचं, मोकळ्या खळ्याचं (अंगणाचं) घर शोधा. सारवलेलं किंवा चोपून घेतलेलं खळं चाकांना उत्तम. जेवण पडवीत आणून देण्याची सोय आहे का तेही विचारा, कारण खानावळ बऱ्याचदा वरच्या मजल्यावर किंवा मागच्या अंगाला असते.

चौथं: जायचं कसं

कोकण रेल्वेने गेलात तर दोन गोष्टी आधी सांभाळा. अस्थिव्यंग असलेल्या आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या प्रवाशाला व त्याच्या एका सोबत्याला शयनयान आणि थ्री-टायर एसीत ७५ टक्के, टू-टायर आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सवलत असते. त्यासाठी रेल्वेचं सवलत-ओळखपत्र हवं आणि ते मिळायला वेळ लागतो, म्हणून आधीच काढून ठेवा. ज्येष्ठ नागरिकांची वेगळी सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली गेली, जुन्या आठवणीवर हिशेब करू नका. दुसरी गोष्ट उतरण्याची. कुडाळसारख्या स्थानकावर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. आदल्या स्थानकाला सामान दाराशी, खुर्ची उघडायच्या तयारीत, आणि चढतानाच टीटीईंना सांगून ठेवलेलं. स्थानकावर व्हीलचेअर हवी असेल तर रेल्वेच्या १३९ क्रमांकावर किंवा स्टेशन मास्तरांकडे आधी बोला. मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली. तिच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा आणि रुंद स्वच्छतागृह आहे, पण ती सगळ्या स्थानकांवर थांबत नाही.

विमानाने गोव्यातला मोपा विमानतळ गाठून मालवण-वेंगुर्ल्याकडे येता येतं. व्हीलचेअरची मदत विमान कंपनीला ४८ तास आधी कळवा, तिचे पैसे पडत नाहीत. एसटीत दिव्यांगांना आणि ज्येष्ठांना सवलती चांगल्या आहेत, पायऱ्या मात्र उंच.

भाड्याची गाडी ठरवताना एक प्रश्न हमखास राहून जातो: डिकीत सीएनजीचा सिलिंडर आहे का? असेल तर खुर्ची मागे बसणार नाही आणि भर सकाळी दारात वाद होईल. मोठी उंच गाडी म्हणजे आराम, हाही गैरसमज. खुर्चीतून सरकून बसणाऱ्याला गाडीची सीट खुर्चीच्या पातळीला आलेली बरी, आणि ते साध्या बुटक्या गाडीतच जमतं.

खाड्या आणि फेरीबोटी

किनाऱ्याने जाताना ज्या फेरीबोटी लागतात त्या या प्रवासातली खरी चैन आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडी उतारावरून थेट बोटीत चढते आणि पलीकडे तशीच उतरते. होडीत चढण्याची कसरत नाही, कोणाच्या हाताला धरून फळीवरून जाणं नाही. काच खाली करून बसल्या जागी खाडी, मासेमारीच्या होड्या, वारा, सगळं मिळतं. बोट लागते तिथला उतार पूर्ण ओहोटीला जास्त तीव्र होतो आणि खालची बाजू निसरडी असते, म्हणून तिथे खुर्ची उतरवायचा मोह नको. मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० पासून आहे, तीही गाडीसकट नेते. तिथे प्रवाशांनी कुठे बसायचं आणि वर जायला जिना आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा.

याउलट, मालवणहून सिंधुदुर्ग आणि राजपुरीहून जंजिरा. दोन्हीकडे हलत्या होडीतून दगडी पायरीवर पाय टाकावा लागतो. उभं राहता न येणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. होडीवाले "आम्ही नेतो ना उचलून" म्हणतात, मनापासून म्हणतात, पण लाट त्यांच्या हातात नसते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाची तटबंदी छान दिसते, तेवढ्यावर भागवा.

पाचवं: दिवसाला एकच ठिकाण

रत्नागिरी मुक्काम धरला तर एक संध्याकाळ आरे-वारेच्या रस्त्याला द्या. गणपतीपुळ्याकडे जाणारा हा रस्ता समुद्राला लगटून वर चढतो आणि खालच्या पुळणीचा बाक गाडीत बसून दिसतो. एक सकाळ थिबा पॉइंटला: खाली भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. ज्या ब्रह्मी राजाच्या नावाने तो आहे, त्याला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

गणपतीपुळ्याला देऊळ किनाऱ्यालाच आहे, त्यामुळे दर्शन आणि समुद्र एकत्र होतात. डोंगराची प्रदक्षिणा सोडून द्या, आणि अंगारकीला तर तिकडे फिरकूच नका. तिथला समुद्र दगाबाज आहे, पाण्याजवळ जायचं ठिकाण ते नव्हे. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग पायऱ्या उतरून खडकांवर जातो, तोही बाद. ओल्या वाळूवर फिरायचं असेल तर दिवेआगर किंवा दापोलीजवळचं मुरुड अशा लांब, सपाट पुळणीच निवडा.

सहावं: वाळूवर

रस्त्यापासून पाण्यापर्यंत जाण्याची वाट गावातल्या मच्छीमारांना विचारा. होड्या ओढतात किंवा बैलगाड्या उतरतात ती वाट सगळ्यात घट्ट आणि कमी उताराची असते, आणि हॉटेलच्या पायऱ्यांपासून ती बहुधा बऱ्यापैकी लांब असते. मधला सुक्या वाळूचा पट्टा पार करायला दोन प्लायवूडच्या फळ्या पुरतात: एकीवर खुर्ची, तोवर दुसरी पुढे. फळ्या नसतील तर खुर्ची पाठमोरी करा, किंचित मागे कलवा म्हणजे छोटी चाकं उचलली जातील, आणि मोठ्या चाकांवर ओढत न्या. पुढे तोंड करून रेटलंत तर चाक रुततं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो.

पाण्याच्या कडेला खुर्ची आडवी लावा, ब्रेकवर विसंबून समोरासमोर नको, कारण परतणारी लाट चाकाखालची वाळू काढून नेते. एक जण कायम खुर्चीला हात लावून. खाडीच्या मुखाशी मुळीच जाऊ नका, तिथली वाळू वरून घट्ट दिसते आणि पाय घातला की गिळते. पाणी फिरलं, म्हणजे भरती सुरू झाली, की लगेच माघारी वळा, सुक्या पट्ट्याला जाताना लागला तेवढाच वेळ परतताना लागणार आहे. बसून असणाऱ्याने अधूनमधून अंग उचलून भार हलवावा, ओलं कापड आणि वाळू बुडाखाली राहू देऊ नये. कातडी सोलली तर जखम भरायला महिने जातात. मोबाइलची रेंज किनाऱ्यावर दगा देते, तेव्हा रुग्णवाहिकेच्या १०८ ला फोन लागेल अशी जागा आधीच पाहून ठेवा.

मुक्कामी परतल्यावर, अंघोळीच्याही आधी, खुर्चीवर गोडं पाणी ओता. पुढच्या चाकांच्या दांड्यांत आणि बेअरिंगमध्ये अडकलेली वाळू जुन्या दातघासणीने काढा, फडक्याने पुसा आणि रात्री वाऱ्यावर वाळत ठेवा. सकाळी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा. खारं पाणी तसंच राहिलं तर काही दिवसांत चाक कुरकुरायला लागतं, आणि सायकलवाल्याकडे त्या मापाचं बेअरिंग असेलच असं नाही.