स्टील वूलच्या ठिणग्या टिपताना या चुका टाळा

पेटलेले स्टील वूल साखळीला बांधून गोल फिरवायचे आणि शटर दहा-पंधरा सेकंद उघडे ठेवून ठिणग्यांचे चक्र टिपायचे, या प्रकारात पहिली फसगत कॅमेऱ्यापाशी होत नाही, दुकानात होते. मी पहिल्या वेळी भांडी घासायची तारेची घासणी घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. अर्धी काडेपेटी संपली, तरी तिने पेट घेतला नाही. ती घासणी स्टेनलेस स्टीलच्या चपट्या, जाडसर तारेची असते आणि या कामी तिचा काहीही उपयोग नाही. आपल्याला हवे असते ते साध्या पोलादाचे, केसाहून बारीक तंतूंचे स्टील वूल. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर ते शेवटचा हात फिरवण्यासाठी वापरतात, त्यामुळे हार्डवेअरच्या किंवा रंगांच्या दुकानात विचारावे. पाकिटावर चार शून्ये छापलेला प्रकार सर्वांत बारीक असतो. शून्ये कमी होत गेली की तंतू जाड होतो आणि पेटायला कुरकुर करतो. लोखंडाचा खिळा काडीने पेटत नाही, पण त्याच लोखंडाचे तंतू इतके बारीक केले की हवेतील प्राणवायूशी त्यांचा संपर्क प्रचंड वाढतो आणि ते भराभर जळतात. साबण भरलेल्या घासण्या बारीक तारेच्या असल्या, तरी घेऊ नयेत.

दुसरी चूक भरण्याची आहे. अंडी फेटायच्या तारेच्या व्हिस्कमध्ये वूल ठासून कोंबले, तर आत हवा पोचत नाही, फक्त कडा लालसर होतात आणि गोळा विझतो. वूल अगदी सैल ठेवले, तर पहिल्याच फेरीत जळता बोळा सुटून भलतीकडे जाऊन पडतो. पट्टी उलगडून बोटांनी कापसासारखी मोकळी करावी आणि व्हिस्क भरेल इतकीच आत सारावी. व्हिस्क सुतळीला किंवा नायलॉनच्या दोरीला बांधणे हा तर उघड वेडेपणा आहे, कारण दोरी जळून तुटली की गोळा कोणत्या दिशेला जाईल, हे आपल्या हातात राहत नाही. कुत्र्याला बांधायची हलकी साखळी या कामाला उत्तम.

पेटवण्यासाठी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी सोयीची असते. तिची दोन्ही टोके तंतूंना टेकली की त्यांतून वीज वाहते, तंतू तापतात आणि पेट घेतात. नेमक्या याच कारणाने ती बॅटरी आणि स्टील वूल एकाच बॅगेत कधीही ठेवू नये. प्रवासात दोन्ही एकमेकांना घासली, तर आग बॅगेतच लागेल, म्हणून बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती वेगळ्या बॅगेत ठेवावी.

चक्र पांढरेफटक का होते?

फोटोत चक्राचा मधला भाग जादा उजेडाने पांढराफटक झालेला दिसला की नवशिके लगेच शटरचा वेळ कमी करतात, आणि मग चक्र अर्धवट राहते, मागचे आकाशही काळे पडते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. उडणारी ठिणगी कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या एका ठिकाणावरून क्षणार्धात पुढे सरकते. शटर पाच सेकंद उघडे असो वा तीस, त्या ठिकाणी तिचा उजेड तेवढाच पडतो. म्हणून एकेका रेषेची उजळी ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) आणि आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील आहे, तो आकडा) ठरवतात, तर आकाश, वाळू, पाणी यांची उजळी शटरच्या वेळेवरही अवलंबून असते. जास्त वेळाने रेषांची संख्या वाढते, आणि जिथे त्या एकमेकींवर पडतात तो मधला भाग अधिक उजळतो, हे खरे. तरीही पहिला उपाय म्हणजे एफ/८ वरून एफ/११ वर जाणे, म्हणजेच छिद्र लहान करणे. आयएसओ १००, एफ/८ आणि पंधरा सेकंद येथून सुरुवात करावी. ठिणग्या फिकट आल्या, तर ॲपर्चर मोठे करावे. ठिणग्या ठीक आणि परिसर काळा आला, तर वेळ वाढवावा. हा फरक एकदा हातात बसला की उरलेली बरीच कोडी आपोआप सुटतात. सूर्यास्तानंतर अर्धा तास आकाशात जी निळाई उरते, ती या नारिंगी रंगाला फार शोभून दिसते. अमावास्येच्या मध्यरात्री केलेल्या फोटोत ठिणग्यांशिवाय काहीच नसते.

फोकसची चूक हमखास होते. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो आणि शटर दाबले तरी कॅमेरा ढिम्म हलत नाही, तोवर वूल जळून गेलेले असते. फिरवणाऱ्या साथीदाराला त्याच्या जागी उभे करावे, त्याच्यावर टॉर्च मारून फोकस घ्यावा आणि लगेच मॅन्युअलवर टाकावा. तो नंतर दोन पावले पुढे आला, तर सगळे पुन्हा करावे लागते, म्हणून वाळूत टाचेने खूण करून ठेवावी. कॅमेऱ्यातील लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतील दाणेदारपणा कमी करणारी सोय) बंद ठेवावे. ते सुरू असेल, तर पंधरा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी पंधरा सेकंद अडकून पडतो आणि साथीदार ‘झालं का?’ म्हणून ओरडत राहतो. ट्रायपॉडवर हाताचे हादरे सावरणारे स्टॅबिलायझेशनही बंद करावे. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय लाटेबरोबर हळूहळू खचतात आणि क्षितिज दुहेरी दिसते, म्हणून ते आधीच दाबून रोवावेत.

चक्राऐवजी लांबट अंडाकृती आली, तर फिरवणारा तिरपा उभा होता असे समजावे. फिरण्याचे वर्तुळ कॅमेऱ्याला सरळ सामोरे हवे, आणि गती सेकंदाला एक-दोन फेऱ्यांच्या आसपास एकसारखी हवी. लायटरच्या उजेडात साथीदाराचा चेहरा भुतासारखा उमटू नये, यासाठी गोळा पेटून पहिली फेरी सुरू झाल्यावरच शटर उघडावे.

मोबाइलवर नाइट मोड वापरणे हीही चूकच, कारण तो अनेक छोटे फोटो एकत्र जोडतो आणि रेषांचे तुकडे होऊ शकतात. आकडे स्वतः ठरवता येतात त्या प्रो मोडमध्ये आयएसओ सर्वांत कमी ठेवून दहा सेकंद द्यावेत. मोबाइलचे ॲपर्चर बहुधा बदलता येत नाही, त्यामुळे चक्र पांढरे झालेच, तर थोडे दूर जाऊन एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.

जागा आणि वारा

तांत्रिक चुकांनी फोटो वाया जातो. जागेची चूक त्याहून महाग पडते. फेब्रुवारीपासून सह्याद्रीतील गवत वाळलेले असते आणि एक ठिणगी वणव्याला पुरते. राखीव वनात आग पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे, आणि गडावरचे जुने लाकूडकाम किंवा सुकलेली झुडपे यांच्याजवळ हा प्रयोग करण्याचा विचारही मनात आणू नये. कॅलिफोर्नियात टोमालेस खाडीच्या काठी वर्षानुवर्षे उभी असलेली ‘पॉइंट रेयेस’ ही जुनी बोट फेब्रुवारी २०१६ मध्ये पेटली आणि तिचा मागचा भाग जळून गेला. स्टील वूल फिरवणाऱ्या छायाचित्रकारांवरच संशय होता. आपल्याकडेही किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि त्यांच्याभोवतीची नायलॉनची जाळी फोटोत छान दिसतात. ती कोणाची तरी रोजीरोटी आहे, त्यामुळे त्यांच्यापासून लांबच राहावे.

काशीद, नागाव यांसारख्या किनाऱ्यांवर वाळूला लागूनच सुरूचे बन असते आणि त्याखाली वाळक्या काड्यांचा थर साचलेला असतो. संध्याकाळी खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, म्हणजे ठिणग्या थेट बनाकडे जातात. ओहोटीची वेळ पाहून पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूवर जावे. तेथे आगीची भीती कमी आणि खालचे प्रतिबिंब फुकटात मिळते. वारा जोराचा असेल, तर सामान आवरून परत यावे. फिरवणाऱ्याने जाड सुती किंवा डेनिमचे कपडे, टोपी, चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालावेत; टेरिकॉटला ठिणगी लागली की कापड वितळून कातडीला चिकटते. कॅमेरा निदान दहा मीटर दूर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला असावा, भिंगापुढे साधा यूव्ही फिल्टर असावा, कारण तापलेले लोखंड काचेवर कायमचा खड्डा पाडते.

वाळूने किंवा पाण्याने भरलेली बादली जवळ ठेवावी आणि काम संपल्यावर व्हिस्क तीत बुडवावा. वरून काळा पडलेला गोळा आतून लाल असतो. माझ्या ट्रायपॉडच्या पिशवीला रुपयाएवढे गोल भोक आहे. व्हिस्क निवला आहे असे मला वाटले होते.